बसकण

माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.
दर ऑक्टोबरला नवी मुलं आली
की सुरक्षेचा तास मी तिच्यावरच भागवतो.
सबेला हसली नाही. तिने वहीत
करंगळीचं चित्र काढलं.

त्या वहीत आधीच पन्नासेक स्टुलं होती.
एकाला बगळ्याचे पाय, एकाला पायच नाहीत,
एक घडी घालून पाठीवर न्यायचं,
एक असं, की ज्यावर फक्त दुसरा कागदच बसू शकला असता.
खाडीच्या चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायकांसाठी, म्हणाली.
माझी आई तेच करायची, हे मी सांगितलं नाही.
कागदावर सगळंच उभं राहतं,
एवढं बोलून करवतीचं पातं बदललं.

फोमचं पहिलं मॉडेल निळं.
दुसरं मोडलं.
तिसरं पाहून ओतेरो सर
चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, सुंदर.
त्या एका शब्दापायी आठवडा वाया गेला.

चौथं घेऊन पहाटे आम्ही खाडीवर गेलो,
माझ्याच गाडीतून, मागची सीट पाडून.
फेरोलचे दिवे पलीकडे अजून चालू होते.
निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखं
पाणी मागे सरत होतं,
आणि बायका कमरेत वाकून दाताळी ओढत
कुणाच्या तरी तिसऱ्या लग्नाबद्दल बोलत होत्या.

दोरिंदा टेकली मात्र,
चारही पाय चिखलात गेले,
खालून कुणी बोलावल्यासारखे.
ती बसूनच राहिली, हळूहळू बुटकी होत.
बाकीच्या डोळे पुसत हसल्या.
सबेलाही हसली.
गाडीत मात्र सगळा रस्ता
ती खिडकीची काच नखाने खरवडत होती.

मग तिने स्टुलं काढणं सोडलं.
गुडघे काढू लागली.
बारा पानं नुसते गुडघे,
रबरी बुटांच्या घड्या,
उठताना आधी कुठला हात मांडीवर येतो,
भरलेली बादली कोण कुठल्या बाजूला ठेवतं.
एका संध्याकाळी झाडू हातात घेतलेल्या मला विचारलं :
होडी चिखलात रुतते, पण बुडत का नाही?
बावीस वर्षं मी गोदीत पत्रे वाकवले.
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता,
मीही नाही.

सहावं मॉडेल प्लायवूडचं, वाफेवर वाकवलेलं,
खाली होडीचा तळ, वर बसायला फळी.
पहिली पट्टी तडकली, दुसरीही.
तिसरी मी धरली आणि तिने दाबली,
तेव्हा लाकूड कुरकुरत का होईना, ऐकलं.

दोरिंदाने ते हातात तोललं,
उलटं करून पाहिलं, सुलटं केलं,
वर शिंपल्यांची बादली ठेवली,
खिशातून दोरी काढून पुढे बांधली
आणि ओढत चालू लागली.

अहो, ते बसायचं आहे!

बसायला वेळ कुणाला आहे, पोरी?
ओहोटी काय आपल्यासाठी थांबते?

चिखलावर गुळगुळीत रेघ उमटत गेली.
सबेला तिच्याकडे बघत उभी.
मग वही काढली आणि पेन सापडेना,
म्हणून माझ्या सुताराच्या पेन्सिलीने
ती रेघच आधी काढली.

सातव्याला दोरीसाठी भोक आहे,
बादलीसाठी खोबण आहे.
फळी आहे, पण तिच्याबद्दल
सबेला आता काही बोलत नाही.

जूनमध्ये प्रदर्शन. पांढरा चौथरा, वरून दिवा,
शेजारी पाटी : हात लावू नये.
खोबणीतली वाळू तिने पुसू दिली नाही.
ओतेरो सर पाहुण्यांना तळाचा बाक समजावत होते,
तेवढ्यात दोरिंदा आली, ठेवणीतले बूट घालून,
लग्नाकार्याचे, टाचेला चावणारे.
इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची नव्हती.
तिने ते चौथऱ्यावरून खाली घेतलं, त्यावर बसली
आणि एक बूट काढून टाच चोळू लागली.

सगळे गप्प झाले.
मी भिंतीशी उभा राहून कान दिला.
सांधा वाजला नाही.